गुगलने डूडल केलं, पण डॉ. कमल रणदिवे उंदरांमध्ये नेमकं काय शोधत होत्या?

८ नोव्हेंबर २०२१ चा दिवस. गुगल उघडलं की मायक्रोस्कोपपाशी बसलेल्या एका बाईंचं चित्र दिसत होतं. डॉ. कमल रणदिवे, १०४ वी जयंती. मग दिवसभर फॉरवर्ड फिरले. पुण्याच्या होत्या, पद्मभूषण मिळालं होतं, देशातली पहिली टिश्यू कल्चर लॅब त्यांनी उभारली. मराठी माणसाची छाती फुगली, स्टेटस पडले आणि दुसऱ्या दिवशी डूडल बदललं.

लॅब उभारली, हे सगळ्यांनी वाचलं. कशासाठी उभारली, हे मात्र त्या फॉरवर्डमध्ये कुठेच नव्हतं.

त्यामागे एक प्रश्न होता. रक्तातून अंगभर फिरणारं एकच हॉर्मोन शरीराच्या एका भागात वाढ घडवतं, दुसऱ्या भागात उलटंच काम करतं आणि तिसऱ्या भागाला त्याची गंधवार्ताही नसते, असं का? आणि स्तनाच्या ऊतीत हेच हॉर्मोन कधीकधी कॅन्सरला हात देतं, तर ते एकीच्या बाबतीत का आणि दुसरीच्या बाबतीत का नाही?

परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठला बैल बाळगणाऱ्या कुणालाही हा प्रश्न अर्धा माहीत असतो. गोऱ्हा वेळेत खच्ची केला की त्याचं वशिंड वळूसारखं भरत नाही, मान जाड होत नाही, स्वभाव निवळतो. पायांची हाडं मात्र जरा जास्तच लांब होतात. म्हणजे वृषणातून येणारं रसायन बंद झालं, तर मानेवर एक परिणाम आणि हाडांवर भलताच. एवढं लांब जायचं नसेल तर घरातल्या आरशात बघा. ज्या पुरुषी हॉर्मोनमुळे दाढी दाट येते, त्याच हॉर्मोनमुळे डोक्यावरचे केस विरळ होत जातात आणि टक्कल पडतं. दोन्हीकडे केसच आहेत, मधलं अंतर जेमतेम वीतभर आणि हॉर्मोनही तेच. उत्तर मात्र उलटं.

टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, कॉर्टिसॉल ही सगळी एकाच घराण्यातली. शरीर ती कोलेस्टेरॉलपासून बनवतं आणि त्यांचा रासायनिक सांगाडा सारखा असतो. यांना स्टेरॉइड हॉर्मोन म्हणतात. जिममधलं इंजेक्शन आणि दम्याची गोळी ही त्यांचीच नात्यातली मंडळी.

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा, पुण्यातला. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. आईचं नाव शांताबाई. मुलींना चार इयत्ता शिकवल्या तरी खूप झालं असं मानण्याचा तो काळ, पण समर्थांच्या घरात सगळी मुलं शिकलीच पाहिजेत असा दंडक होता. कमल हुजूरपागेत शिकल्या. पोरीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, असं वडिलांच्या मनात होतं. यातलं एकही झालं नाही. फर्ग्युसनमध्ये त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतलं आणि १९३९ च्या मे महिन्यात लग्न केलं ते जे. टी. रणदिवे या गणितज्ञाशी. हे लग्न पुढे संशोधनालाही उपयोगी पडलं, कारण कमलताईंच्या कामातली आकडेमोड आणि संख्याशास्त्र समजून घ्यायला घरातच माणूस होता.

एम.एस्सी. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून, १९४३ साली. विषय होता सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं. बालाघाटच्या डोंगरातली सीताफळं ज्यांनी खाल्लीत त्यांना हा विषय गोड वाटेल, पण काम किचकट होतं. झाडाचा तुकडा घ्यायचा, पेशी रंगवायच्या आणि मायक्रोस्कोपखाली गुणसूत्रं मोजत बसायची. पुढचं सगळं आयुष्य ज्या सवयीवर उभं राहिलं, ती सवय इथे लागली. झाड असो की प्राणी, पेशीपर्यंत उतरल्याशिवाय बोलायचं नाही.

लग्नानंतर मुंबई. तिथे परळला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं होतं. प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर, ज्यांना भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक मानतात. कॅन्सरच्या हॉस्पिटलात संशोधन व्हायला हवं आणि ते फक्त डॉक्टरांनी करून भागणार नाही, ही त्यांची दृष्टी. सीताफळाची गुणसूत्रं मोजून आलेल्या रणदिवेंना त्यांनी पीएच.डी.ला घेतलं. आज एखाद्या कॅन्सर हॉस्पिटलात शेतकी कॉलेजातली विद्यार्थिनी अर्ज घेऊन गेली तर काय होईल, याचा विचार करून बघा.

त्यांच्या समोर आले उंदीर.

उंदरांच्या आधीची थोडी गोष्ट सांगायला हवी. १८९६ मध्ये ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन नावाच्या सर्जनने स्तनाच्या कॅन्सरने आजारी असलेल्या बायकांचे अंडाशय काढून टाकले, तेव्हा काहींच्या गाठी आक्रसल्या. हॉर्मोन हा शब्दही तेव्हा रुळलेला नव्हता. १९३२ मध्ये पॅरिसच्या आंत्वान लाकासान्य यांनी नर उंदरांना इस्ट्रोजेनची इंजेक्शनं दिली, तर नरांना स्तनाचा कॅन्सर झाला. म्हणजे इस्ट्रोजेनचा हात आहे हे पक्कं. पण १९३६ मध्ये अमेरिकेत जॉन बिटनर यांनी वेगळंच दाखवलं. कॅन्सरचं प्रमाण जास्त असलेल्या जातीची पिल्लं जन्मताच उचलून दुसऱ्या जातीच्या आईचं दूध पाजलं, तर मोठेपणी त्यांच्यातला कॅन्सर खूप कमी होतो. म्हणजे आईच्या दुधातूनही काहीतरी येत होतं. पुढे कळलं की तो एक व्हायरस आहे.

आता गुन्हेगार कोण, हॉर्मोन, व्हायरस की आनुवंशिकता? जगभरातले संशोधक आपापला आरोपी धरून बसले होते.

रणदिवेंनी आरोपी सोडून जागा तपासायला घेतली. ज्या जातींत स्तनाचा कॅन्सर सहज होतो आणि ज्या जातींत क्वचितच होतो, अशा उंदरांची कॅन्सर होण्याआधीची निरोगी स्तनग्रंथी त्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिली. हे उंदीर म्हणजे घरात फिरणारे नव्हेत. भाऊ-बहीण, भाऊ-बहीण असा संकर किमान वीस पिढ्या करत नेला की एका जातीतले सगळे उंदीर जवळपास जुळ्यांसारखे होतात. त्यामुळे दोन जातींत फरक दिसला तर तो योगायोग आहे असं म्हणता येत नाही. असे उंदीर सांभाळणं हे वर्षानुवर्षांचं काम. खाणं, पिंजरे, मुंबईचा दमट उन्हाळा, प्रत्येक पिल्लाची वंशावळ वहीत. पुढे या संस्थेने स्वतःची उंदरांची जातही जोपासली आणि ती संस्थेच्या नावाने आयसीआरसी म्हणूनच जगाच्या यादीत गेली.

१९४९ साली मुंबई विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली. कॅन्सर होण्याची शक्यता आणि हॉर्मोन व व्हायरस यांचं एकमेकांशी असलेलं नातं ओळखणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांत त्यांचं नाव घेतलं जातं. या दोघांपैकी कुणीही एकटा पुरेसा नाही, दोघांना दाद देणारी ऊती लागते, असा त्या कामाचा रोख होता.

पण इथे एक अडचण होती. जिवंत उंदराला इस्ट्रोजेन दिलं की ते स्तनावर काम करतं, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीवरही करतं, यकृतावरही करतं. पिट्युटरी मग स्वतःची हॉर्मोन सोडते. या गोंधळात स्तनाच्या पेशीने स्वतः काय उत्तर दिलं हे कळणार कसं? त्यासाठी पेशींना शरीराबाहेर काढून एकटं वाढवायला हवं. हेच टिश्यू कल्चर.

ते शिकायला रणदिवे अमेरिकेला गेल्या. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या लॅबमध्ये. गाय म्हणजे संथ फिरणाऱ्या ड्रममध्ये काचेच्या नळ्या ठेवून पेशी वाढवण्याची युक्ती काढणारा माणूस. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय रुग्णाच्या गाठीतल्या पेशी याच लॅबमध्ये कायमच्या जिवंत राहिल्या आणि हेला पेशी म्हणून जगभर गेल्या. लॅक्सबाईंना कुणी विचारलंही नव्हतं, हा त्या गोष्टीवरचा डाग.

रणदिवे परत आल्या. तिथेच राहणं सोपं होतं, पण त्या आल्या आणि पुढे परदेशातल्या भारतीय संशोधकांनाही परत या म्हणून सांगत राहिल्या. १९५२ मध्ये खानोलकरांच्या पुढाकाराने परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं होतं. तिथे त्यांनी देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभारली.

आज हे वाक्य सहज लिहिता येतं. पेशींना ३७ अंश तापमान सतत लागतं. खाद्याचं द्रावण लागतं आणि त्यातले क्षार, साखर, अमिनो आम्लं यांचं माप जराही चुकून चालत नाही. हवेतला एक जंतू शिरला की महिन्याचं काम वाया. आता हे द्रावण पाकिटात मिळतं, तेव्हा इथे मिळत नव्हतं. म्हणून रणदिवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते इथेच तयार करायला घेतलं. कौतुक करायचं तर याचं करायला हवं. पहिली म्हणून फीत कापणं सोपं असतं, रोज सकाळी पेशी जिवंत सापडणं अवघड.

याच सुमारास मूळ प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे, शिकागोत, मिळू लागलं होतं. हा शोध रणदिवेंचा नाही, पण त्याच्याशिवाय त्यांचा प्रश्न समजत नाही.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस एल्वूड जेन्सन आणि हर्बर्ट जेकबसन यांनी इस्ट्रोजेनला किरणोत्सारी हायड्रोजनची खूण लावली आणि ते लहान मादी उंदरांना टोचलं. मग कुठल्या अवयवात किती खूण राहिली हे मोजलं. हॉर्मोन सगळीकडे पोचलं होतं. पण स्नायूंमधून वगैरे ते आलं तसं निघून गेलं आणि गर्भाशयात मात्र अडकून राहिलं. तिथे त्याला धरून ठेवणारं काहीतरी होतं. ते काहीतरी म्हणजे एक प्रथिन. त्याला रिसेप्टर म्हणतात, मराठीत ग्राही. ज्या पेशीत हा ग्राही, तिलाच इस्ट्रोजेन ऐकू येतं.

गावातल्या दवंडीसारखं आहे हे. कालव्याला पाणी सुटलं, अशी दवंडी सगळ्या गावाला ऐकू येते. पण ज्याचं शेत कालव्याखाली नाही तो झोपून राहतो. ज्याचं आहे तो उठतो.

इथवर सोपं आहे. पण यातून दाढी आणि टकलाचं कोडं सुटत नाही, कारण ग्राही तर दोन्हीकडे आहे. कोविडमध्ये सगळ्यांनी नाव ऐकलेलं डेक्सामेथासोन घ्या. ते शरीरातल्या कॉर्टिसॉलची नक्कल करतं आणि कॉर्टिसॉलचा ग्राही जवळपास प्रत्येक पेशीत असतो. तरीही फुप्फुसात त्याने सूज उतरते, यकृतात साखर बनवण्याचं काम वाढतं आणि काही पांढऱ्या पेशी तर चक्क मरतात. म्हणून तर ऑक्सिजनवर असलेल्या अनेकांचा जीव या औषधाने वाचला आणि त्याच वेळी कित्येकांची शुगर भडकली.

दवंडी तीच, ऐकणारेही दोन शेतकरी. एकाच्या शेतात ऊस उभा आहे, तो धावत जाऊन बारं उघडतो. दुसऱ्याची तूर काढणीला आलीय, तो धावत जाऊन बारं बंद करतो. आधी शेतात काय उभं आहे, त्यावर ठरतं.

पेशीतलं शेत म्हणजे तिची इतर प्रथिनं. हॉर्मोन ग्राहीला चिकटलं की ग्राहीचा आकार किंचित बदलतो आणि तो डीएनएवरच्या ठरावीक जागी जाऊन बसतो. पण डीएनए उघडा पडलेला नसतो, तो प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. स्तनाच्या पेशीत काही रिळं आधीच सैल करून ठेवलेली असतात, यकृताच्या पेशीत वेगळीच. सैल करणारी प्रथिनं प्रत्येक ऊतीची आपली आपली. ग्राहीला जिथे जागा मोकळी तिथेच तो बसणार. बसल्यावरही तो एकटा काही करत नाही. तो मदतनीस बोलावतो. काही मदतनीस प्रथिनं जीन चालू करतात, काही तो दाबून टाकतात. पहिल्यांना कोअ‍ॅक्टिव्हेटर म्हणतात, दुसऱ्यांना कोरिप्रेसर. कुठल्या ऊतीत कोण किती संख्येने हजर आहे, यावर तिथलं उत्तर ठरतं. यातला पहिला ठळक कोअ‍ॅक्टिव्हेटर १९९५ मध्ये अमेरिकेतल्या बर्ट ओमॅली यांच्या लॅबने ओळखला. वर्षभरात स्वीडनमधून बातमी आली की इस्ट्रोजेनचा ग्राही एक नाही, दोन आहेत. म्हणजे कोणत्या ऊतीत कोणता जास्त, हाही हिशेब वाढला.

आता रणदिवेंच्या उंदरांकडे परत येऊ, कारण या कथेतला सगळ्यात सुंदर भाग तिथेच आहे.

दुधातून येणारा तो व्हायरस आठवतोय? १९८० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोचे कीथ यामामोटो आणि इतरांनी त्याचा डीएनए तपासला. व्हायरसच्या डीएनएच्या टोकाला एक जागा सापडली आणि तिथे स्टेरॉइड हॉर्मोनचा ग्राही येऊन बसत होता. म्हणजे या व्हायरसने स्वतःचा दिवा यजमानाच्या हॉर्मोनच्या बटणाला जोडून घेतला होता. उंदरीण व्याली, दूध यायची वेळ झाली, हॉर्मोन वाढलं, की व्हायरसही वाढतो आणि दुधातून पिल्लात जातो. स्तनाच्या ऊतीतच तो इतका जोमाने का वाढतो याचं हे कारण. हॉर्मोन आणि व्हायरस असे दोन वेगळे आरोपी नव्हतेच, एकाची किल्ली दुसऱ्याकडे होती. ग्राही प्रथिन डीएनएच्या नेमक्या जागी बसून जीन चालू करतं, हे जगाने ज्या मोजक्या नमुन्यांवर शिकलं त्यातला एक म्हणजे हा उंदरांचा व्हायरस. परळच्या पिंजऱ्यांत चाळीस वर्षांपूर्वी जे नातं ऊतीच्या पातळीवर दिसत होतं, ते आता रेणूच्या पातळीवर दिसलं.

माणसांचं काय? इथे घाईने फॉरवर्ड करू नका. बायकांच्या स्तनाच्या कॅन्सरमागे असाच व्हायरस असेल का, याचा शोध जोरात झाला. मुंबईच्या पारशी समाजात हा कॅन्सर जास्त आढळतो म्हणून तिथल्या बायकांच्या दुधाचे नमुनेही तपासले गेले आणि १९७१ मध्ये तो अभ्यास नेचरमध्ये छापून आला. पण माणसात असा व्हायरस कॅन्सर घडवतो हे सिद्ध झालं नाही. आईच्या दुधातून कॅन्सर जात नाही. बाळाला पाजणं तर आईच्या बाबतीत स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा कमीच करतं.

माणसाच्या बाबतीत टिकला तो धागा हॉर्मोनचा. आज सोनपेठ तालुक्यातल्या एखाद्या बाईच्या स्तनातली गाठ शहरातल्या हॉस्पिटलात तपासायला गेली, तर येणाऱ्या कागदावर ईआर आणि पीआर अशी दोन अक्षरजोडं असतात. ईआर म्हणजे इस्ट्रोजेनचा ग्राही, पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉनचा. कागद हातात घेऊन घरचे लोक पॉझिटिव्ह शब्दाने घाबरतात, कोविडने तो शब्द फार बदनाम केला. खरं तर ईआर पॉझिटिव्हचा अर्थ असा की या गाठीच्या पेशी अजून इस्ट्रोजेनची दवंडी ऐकतात आणि म्हणून ती दवंडी अडवणारी गोळी इथे चालेल. ईआर निगेटिव्ह असेल तर त्या गोळीचा उपयोग नाही, दुसरे उपचार लागतात. पाश्चात्त्य देशांत साधारण चारपैकी तीन गाठी ईआर पॉझिटिव्ह असतात. भारतात हे प्रमाण त्याहून कमी आहे.

या गोळ्यांमधली सगळ्यात जुनी म्हणजे टॅमॉक्सिफेन. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी ती बनवली, तेव्हा हेतू गर्भनिरोधकाचा होता. त्या कामात ती फसली, १९७३ पासून कॅन्सरवर वापरात आली आणि असंख्य बायकांना जगवलं. ती ग्राहीची जागा अडवते. पण या गोळीनेच ऊतीचा हट्ट पुन्हा दाखवून दिला. स्तनात ती इस्ट्रोजेनला रोखते. गर्भाशयाच्या अस्तरात मात्र ती स्वतःच इस्ट्रोजेनसारखी वागते, त्यामुळे पाळी गेलेल्या बायकांमध्ये तिथल्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो. पाळी गेलेल्या बायकांच्या हाडांनाही ती इस्ट्रोजेनसारखाच आधार देते. एक गोळी, तीन अवयव आणि सरसकट नियम एकही नाही. म्हणून ही गोळी चालू असताना अंगावरून रक्त गेलं तर अंगावर काढायचं नसतं, लगेच डॉक्टरला सांगायचं असतं. आणि ऐकीव गोष्टींवरून गोळी आपल्या मनाने बंदही करायची नसते, कारण बहुतेकींसाठी तिचा फायदा धोक्यापेक्षा कितीतरी मोठा असतो.

२००२ मध्ये बोस्टनच्या मायल्स ब्राउन यांच्या लॅबने यामागचं कारण दाखवलं. गर्भाशयाच्या पेशींत एक कोअ‍ॅक्टिव्हेटर भरपूर असतो, त्यामुळे टॅमॉक्सिफेन चिकटलेला ग्राही तिथे चालू करणारे मदतनीस बोलावतो. स्तनाच्या पेशींत तो कमी असतो, तिथे दाबणारे मदतनीस येतात. आणि हे कळलं कशावरून? काचेच्या बशीत एकट्या वाढवलेल्या पेशींवरून. शरीराचा गोंधळ बाजूला ठेवून ऊतीला थेट विचारायचं, याच कामासाठी रणदिवेंनी परळला टिश्यू कल्चर आणलं होतं.

त्यांचं स्वतःचं काम मात्र स्तनाच्या कॅन्सरवर थांबलं नाही, आणि थांबलं नाही हे बरंच झालं. कुष्ठरोगाचा जंतू काचेत वाढवणं हे डॉक्टरांना दमवणारं कोडं होतं. १९५८ च्या सुमारास याच संस्थेत कुष्ठरोग्याच्या गाठीतून एक जंतू वेगळा करून वाढवण्यात आला, आयसीआरसी बॅसिलस. त्या कामात रणदिवे होत्या. पुढे १९७० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. मधुकर देव यांनी त्यातून कुष्ठरोगाची लस तयार केली. सुपारी आणि तंबाखू यांच्या अर्काने काय होतं, हेही रणदिवे आणि सहकाऱ्यांनी प्राण्यांवर तपासलं आणि १९७६ मध्ये जगापुढे मांडलं. गावोगावच्या टपऱ्यांवर लटकलेल्या पुड्या बघता त्या निबंधाचा एखादा परिच्छेद मराठीत छापून तिथेच लावायला हरकत नव्हती.

१९६४ मध्ये त्यांना मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाचा पहिला रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार मिळाला, सुवर्णपदक आणि १५,००० रुपये. १९६६ ते १९७० त्या संस्थेच्या संचालकपदाचं काम बघत होत्या. १९८२ मध्ये पद्मभूषण. त्यांच्या नावावर दोनशेहून जास्त शोधनिबंध आहेत.

१९७३ मध्ये त्यांनी काही सहकारी बायकांना घेऊन इंडियन वुमन सायंटिस्ट्स असोसिएशन सुरू केली. या संघटनेचं वाशीचं केंद्र बघितलं तर त्यांची विचार करण्याची पद्धत कळते. तिथे व्याख्यानं होतात, पण नोकरी करणाऱ्या बायकांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघरही आहे. बाई लॅबमध्ये टिकायची तर लेकराला ठेवायचं कुठे हा प्रश्न आधी सुटावा लागतो, हे एका मुलाला वाढवत प्रयोग केलेल्या बाईला कुणी शिकवायची गरज नव्हती.

निवृत्तीनंतर त्या अकोले तालुक्यातल्या राजूरला पोचल्या, तेव्हाचा अहमदनगर जिल्हा. सत्यनिकेतन या संस्थेबरोबर तिथल्या आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी सुरू केली. पोरं काय खातात, वजन किती, रक्त किती. महिला शास्त्रज्ञांच्या संघटनेमार्फत आसपासच्या गावांतल्या बायकांच्या आरोग्याचं काम उभं केलं. बाल्टिमोरमध्ये पेशींचं खाद्य मापायला शिकलेली बाई उतारवयात राजूरच्या मुलांचं खाणं मोजत होती.

११ एप्रिल २००१ रोजी त्या गेल्या, ८३ वर्षांच्या होत्या. ज्या संस्थेत त्यांनी पहिल्यांदा पेशी वाढवल्या, ती पुढच्या वर्षी परळहून खारघरला हलली.